घाटात गाडी लावायची कुठे?

जुलैतला रविवार, सकाळचे साडेअकरा. पुण्याचा चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड सगळं मागे पडलंय आणि ताम्हिणी घाटाच्या वाटेवर गाडी अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये रांगते आहे. पुढच्या गाडीची डावी चाकं साइडपट्टीच्या चिखलात उतरलेली, मागच्या चाकाला दगड लावलेला, चारही दिवे लुकलुकताहेत. आतली मंडळी छत्र्या सावरत धबधब्याकडे निघाली आहेत. आपल्या मागे हॉर्न वाजतोय. मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, "एवढा मोठा डोंगर, एवढं मोकळं रान, आणि एक गाडी लावायला जागा नाही?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधताना थोडा भूगोल लागतो, थोडा इतिहास लागतो आणि गणित मात्र बरंच लागतं. गणित चौथी-पाचवीतलंच आहे, घाबरायचं कारण नाही.

१. सपाट जागा गेली कुठे?

गाडी उभी करायला रान पुरत नाही, सपाट आणि टणक जमीन लागते. ताम्हिणी ज्या मुळशी तालुक्यात आहे, त्याच्या पश्चिम भागात तीच दुर्मीळ आहे. सह्याद्रीत सपाटी असते ती खोऱ्याच्या तळाशी, नदीच्या दोन्ही काठांना. निळा आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यातली ही सपाटी टाटा कंपनीच्या मुळशी धरणाखाली गेली. त्या जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांच्या बरोबर सत्याग्रहाला उभे राहिले होते. धरण झालंच. पाणी पश्चिमेला वळवून कोकणात भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. गावं वर सरकली, आणि आज रस्ता जातो तो एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला पाणी किंवा दरी अशा बेचक्यातून.

उरलेले सपाट तुकडे म्हणजे भातखाचरं. आता वेळ पाहा. पर्यटकांचा हंगाम जून-अखेरीपासून ऑगस्टपर्यंत, आणि भाताची लावणीही त्याच दिवसांत. म्हणजे वर्षातल्या ज्या आठवड्यांत गाड्या सर्वांत जास्त येतात, नेमक्या त्याच आठवड्यांत सपाट जमीन गुडघाभर चिखलाची आणि कामात गुंतलेली असते. मे महिन्यात याच खाचरांत शंभर गाड्या लागतील. पण मे महिन्यात धबधबा नसतो.

२. एक गाडी किती जमीन खाते?

आपल्याकडच्या बांधकाम नियमांत चारचाकीचा एक कप्पा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, दहा बाय बाराच्या खोलीपेक्षा थोडं मोठं. पण गाडी आकाशातून कप्प्यात उतरत नाही. तिला आत यायला, वळायला, मागे घ्यायला वाट लागते. ती धरून उघड्या जागेवर एका गाडीमागे सुमारे २३ चौरस मीटर मोजायची पद्धत आहे.

आता हे गुंठ्यात बघू, कारण गावाकडे जमीन गुंठ्यात कळते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यात चार गाड्या. एकरभर जमिनीत, म्हणजे ४० गुंठ्यांत, पावणेदोनशेच्या आसपास. दुचाकीला दोन चौरस मीटरचा कप्पा पुरतो, त्यामुळे एका गाडीच्या कप्प्यात सहा दुचाक्या सहज बसतात.

३. जागा मोजताना घड्याळ का लागतं?

सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

एक खानावळ घ्या. तासाला ४० माणसं येतात आणि प्रत्येकाला हात धुऊन उठेपर्यंत अर्धा तास लागतो. आत एका वेळी किती माणसं बसलेली दिसतील? ४० गुणिले अर्धा, म्हणजे २०. मालकाने २० पाट मांडले तर जेमतेम भागेल. उद्या त्याच ४० माणसांनी पान खात, गप्पा मारत एकेक तास काढायचं ठरवलं तर ४० पाट लागतील. गिऱ्हाईक एकानेही वाढलेलं नाही, तरी जागा दुप्पट लागली.

हा नियम असा:

आत असलेल्या गाड्या = तासाला येणाऱ्या गाड्या × प्रत्येक गाडी थांबते ते तास

जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ मध्ये याची सिद्धता दिली, म्हणून याला लिटलचा नियम म्हणतात. त्याची गंमत अशी की माणसं ठराविक अंतराने येवोत की घोळक्याने, कुणी पाच मिनिटं थांबो की पाच तास, सरासरी घेतली की हा गुणाकार जुळतोच. बँकेची रांग, दवाखान्यातल्या खाटा, एसटी स्टँडवरचे प्रवासी, सगळीकडे हाच हिशोब.

आता ताम्हिणीत येऊ. समजा, एका ठिकाणी तासाला ६० गाड्या थांबतात. लोकांनी उतरून दरी पाहिली, फोटो काढले आणि २० मिनिटांत निघाले, तर एका वेळी २० गाड्या उभ्या असतील. त्यांना पाच गुंठे पुरे. पण धबधब्यात भिजणं, कपडे बदलणं, भाजलेलं कणीस, मॅगी, चहा, मग पुन्हा एकदा भिजणं असे दोन तास गेले, तर १२० गाड्या. त्यांना २७ गुंठे. येणारे तेवढेच, पण जमीन लागली जवळजवळ सहापट.

म्हणजे गाडी जागा व्यापते तशीच वेळही व्यापते. पार्किंगची खरी मोजणी जागांत होत नाही, जागा-तासांत होते. एक जागा दिवसाचे दहा तास उघडी असेल तर तुमच्याकडे दहा जागा-तास आहेत. वीस मिनिटं थांबणाऱ्या तीस गाड्या त्यात बसतात, किंवा दिवसभर थांबणारी एक.

दिवसभर थांबणाऱ्या गाड्या मुळशीत पुष्कळ असतात, आणि त्या ट्रेक करणाऱ्यांच्या असतात. अंधारबनचंच घ्या. वाट पिंपरी गावाजवळून सुरू होते आणि जंगलातून खाली भिऱ्याला, म्हणजे रायगड जिल्ह्यात उतरते. सकाळी सातला पिंपरीत लावलेली गाडी मालक भिऱ्याहून वळसा घालून परत येईपर्यंत तिथेच. अशा ३० गाड्या म्हणजे आठ तासांचे २४० जागा-तास पहाटेच खर्ची पडले. त्यापेक्षा दहा-बारा जणांनी मिळून भाड्याची गाडी करावी. ती पिंपरीला सोडते, वळसा घालून भिऱ्याला घ्यायला येते, आणि वरच्या गावात तिच्यासाठी एक वीतही जागा अडत नाही. या ट्रेकला स्वतःची गाडी नेण्यात मला तरी काहीच फायदा दिसत नाही.

नियमाची आणखी एक बाजू. समजा, दिवसभरात ६०० गाड्या आल्या आणि प्रत्येक दोन तास थांबली. त्या बारा तासांत सारख्या वाटून आल्या तर तासाला ५०, म्हणजे एका वेळी १०० गाड्या. त्याच ६०० गाड्या दहा ते दोन या चार तासांत आल्या तर तासाला १५०, म्हणजे ३०० गाड्या. पुण्याहून सगळे नाश्ता करून नऊला निघतात, म्हणून सगळे अकराला पोचतात. सकाळी साडेसातला तीच जागा रिकामी असते, आणि धुकंही तेव्हाच असतं.

४. दहाच गाड्या जास्त, तर एवढी कोंडी?

वीस गाड्यांची जागा, प्रत्येकीचा मुक्काम वीस मिनिटं. सरासरी मिनिटाला एक जागा रिकामी होते, म्हणजे तासाला ६० गाड्यांची सोय. तासाला ७० आल्या तर? बाकीच्या दहा रस्त्यावर वाट पाहतात. पुढच्या तासात आणखी दहा. तीन तासांनी तीस गाड्यांची रांग झाली. एकेका गाडीला सहा मीटर धरले तर १८० मीटर. ही रांग फक्त जागा हवी असणाऱ्यांना अडवत नाही. त्याच रस्त्याने माणगाव, श्रीवर्धनकडे निघालेल्यांना, दवाखान्यात निघालेल्या गावकऱ्यालाही अडवते. त्यांना धबधब्याशी काही देणंघेणं नसतं.

कंटाळलेला चालक मग रस्त्याच्या कडेलाच गाडी लावतो. इथे मीटर-टेप घेऊ. दुपदरी रस्ता साधारण सात मीटर रुंद. मोटार पावणेदोन मीटर, बस सुमारे २.६ मीटर. एका बाजूला गाड्या लागल्या की सव्वापाच मीटर उरतात. समोरासमोर आलेली एक बस आणि एक मोटार मिळून ४.३५ मीटर, जेमतेम निघतात. दोन बस मिळून ५.२ मीटर. म्हणजे मधे पाच सेंटिमीटर, चार बोटांहून कमी. घाटात कुठलाही ड्रायव्हर हे करणार नाही. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर साडेतीन मीटर उरतात आणि दुपदरी रस्ता एकपदरी होतो. एका वेळी एकाच दिशेने जायचं, आणि कुणी आधी जायचं हे ठरवायला कुणीही नाही. कोंडी सुरू व्हायला समोरासमोरच्या दोन गाड्याच पुरतात, आणि कडेला गाड्या लावणारे तेव्हा धबधब्याखाली असतात.

५. रेघ मारली नाही तर काय होतं?

आता समजा, रस्त्याकडेला ४०० मीटरची रुंद, पक्की पट्टी मिळाली. पाच मीटरची एक गाडी धरली, बंपरला बंपर लावून उभ्या केल्या तर ८० गाड्या. प्रत्यक्षात किती लागतील?

हंगेरीचे गणिती आल्फ्रेड रेन्यी यांनी १९५८ मध्ये हाच प्रश्न घेतला होता. लांबच लांब रस्ता आहे, कुठेही रेघ नाही, प्रत्येक चालक जिथे गाडी मावेल तिथे मनाला येईल तशी लावतो. एकही गाडी मावणार नाही अशी वेळ येईपर्यंत रस्त्याचा किती भाग भरतो? उत्तर आलं ७४.७६ टक्के. जवळजवळ पाव रस्ता वाया गेला, आणि तरी जागा नाही!

हे कसं होतं ते एका छोट्या उदाहरणात बघा. दोन गाड्यांच्या मधे १२ मीटर मोकळे आहेत. त्यात दोन गाड्या मावतात आणि दोन मीटर उरतात. पण पहिला आला आणि त्याने ऐसपैस मधोमध लावली. पुढे चार मीटर उरले, मागे तीन. दोन्ही तुकडे गाडीपेक्षा लहान. सात मीटर रस्ता डोळ्यांसमोर मोकळा दिसतोय आणि कामाचा काहीच नाही. सतरंजीवर पाट न मांडता पंगत बसवली की असंच होतं. प्रत्येकाच्या शेजारी अर्धं माणूस बसेल एवढी जागा असते आणि वाढपी म्हणतो पंगत भरली.

घरी करून पाहायचं असेल तर फुटपट्टीच्या काठाने मीटरभर लांब रेघ मारा आणि डोळे मिटून तिच्यावर काडेपेटीच्या काड्या एकेक करून ठेवत जा. आधीच्या काडीवर पडली तर ती उचलून घ्या. मग नव्या रेघेवर त्याच काड्या ओळीने मांडा आणि फरक मोजा. मुलं यात तासभर रमतात.

खरे चालक अर्थातच डोळे मिटून गाडी लावत नाहीत. कुणी पुढे सरकवतो, कुणी शेजाऱ्याला हात करतो. तरी मुद्दा टिकतो. आपल्या ४०० मीटरच्या पट्टीवर बेशिस्त गाड्या लागतील सुमारे ६०. आता तिथे सहा-सहा मीटरचे ऐसपैस कप्पे आखा, प्रत्येक गाडीला मीटरभर जास्त द्या. कप्पे बसतात ६६. म्हणजे प्रत्येकाला जास्त मोकळीक देऊनही गाड्या सहा जास्त मावल्या. पांढऱ्या चुन्याची दोन पोती आणि एक दोरी यांनी हे काम होतं. पावसात चुना टिकणार नाही म्हणाल, तर रंगवलेले दगड ठेवावेत. पार्किंगवरच्या सगळ्या उपायांत इतका स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि गावाने ठरवलं तर तो एका सकाळीत होण्यासारखा आहे.

६. पहिली जागा घ्यावी की पुढे जावं?

धबधबा अजून अर्धा किलोमीटर आहे आणि डावीकडे एक जागा दिसते. घ्यायची? की पुढे आणखी जवळची मिळेल?

२०१९ मध्ये क्रापिव्स्की आणि रेडनर या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी याचा हिशोब मांडला. त्यांनी तीन स्वभावांचे चालक कल्पिले. पहिला भित्रा, लांबवर लागलेल्या शेवटच्या गाडीच्या मागेच आपली लावणारा. दुसरा आशावादी, थेट दारापर्यंत जाणारा आणि तिथे नसेल तर उलटा येत शोधणारा. तिसरा सावध, म्हणजे रांगेच्या मागे न थांबता आत शिरणारा आणि पहिली फट दिसताच ती घेणारा. गाडीची फिरफिर आणि पायपीट दोन्ही धरून सावध चालक सरासरीने सर्वांत फायद्यात राहिला. आशावादी त्याच्यापेक्षा किंचित मागे, आणि भित्रा फारच मागे.

सपाट मैदानावरच्या पार्किंगसाठी हे उत्तर मला पटतं. घाटात एक दुरुस्ती करायला हवी. आशावादी चालकाला उलटं फिरावं लागतं, आणि घाटात उलटं फिरणं म्हणजे दोन्हीकडची वाहतूक थांबवून तीन-चार झटक्यांत गाडी वळवणं. त्याचा खर्च एकट्या त्याच्यावर पडत नाही, मागच्या पन्नास गाड्यांवर पडतो. म्हणून घाटात पहिली पक्की, वळणापासून लांबची, रस्त्याबाहेरची जागा दिसली की घ्यावी आणि चालावं. पावसात भिजायलाच आलोत, तर पाचशे मीटर चालत भिजलं तरी बिघडत नाही.

७. पैसे गाडीचे की तासाचे?

हंगामात काही ठिकाणी गावकरी आपल्या पडीक तुकड्यावर मुरूम टाकून गाड्या लावू देतात आणि गाडीमागे पैसे घेतात. यावर बरेच पुणेकर कुरकुरतात. माझ्या मते ती कुरकुर चुकीची आहे. जमीन त्यांची, चिखलात रुतलेल्या गाडीला धक्का मारणारे तेच, आणि संध्याकाळी बाटल्या-पाकिटं वेचणारेही तेच. प्रश्न पैसे घ्यावेत की नाही हा नाहीच, कशाचे घ्यावेत हा आहे.

जगातलं पहिलं पार्किंग मीटर १९३५ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत बसलं. तक्रार दुकानदारांची होती. कचेऱ्यांत काम करणारे सकाळीच दुकानांसमोर गाड्या लावून दिवसभर जागा अडवत, गिऱ्हाइकाला जागाच उरत नसे. तासाला पाच सेंट घ्यायला लागल्यावर जागा फिरू लागल्या. आपल्या गुणाकारात बसवून पाहा. मीटरने जागा वाढवल्या नाहीत, प्रत्येक गाडी थांबायची ते तास कमी केले.

डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी २००५ मध्ये फुकट पार्किंगच्या किमतीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. दर इतका ठेवा की कुठल्याही वेळी साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असतील आणि येणाऱ्याला एखाद-दुसरी रिकामी मिळेल. आणि जमलेला पैसा त्याच गल्लीच्या कामाला लावा, म्हणजे तिथल्या लोकांचा विरोध मावळतो.

पुण्यात ही गोष्ट अवघड गेली. २०१८ मध्ये महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावण्याचं धोरण आणलं तेव्हा मोठा विरोध झाला, आणि मंजुरी मिळाली ती पाच रस्त्यांवरच्या प्रयोगापुरती. मुळशीत हे तुलनेने सोपं आहे, कारण तिथे पैसे द्यायची सवय आधीच आहे. बदलायचं एवढंच की गाडीमागे दिवसाचे ठोक पैसे न घेता पहिल्या तासाला थोडे आणि पुढच्या प्रत्येक तासाला जास्त घ्यावेत. ठोक पैसे दिले की माणूस ते वसूल करायला बसतो. तासाने दिले की घड्याळ पाहतो. आणि ग्रामपंचायतीने फलकावर दर लिहून त्याची पावती द्यावी. शौचालय, कचराकुंडी आणि घाटातल्या वळणांवर दोन माणसं उभी करण्याचा खर्च त्यातून निघेल.

८. गाडी खालीच ठेवली तर?

माथेरानला हे कधीपासून चाललेलं आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा रुळांवरच्या छोट्या गाडीने जायचं. त्यामुळे माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यांवर कोंडी हा शब्द कुणाला ठाऊक नाही.

सिंहगडावरही तसा प्रयोग झाला. मे २०२२ मध्ये खासगी गाड्या पायथ्याला थांबवून पीएमपीच्या ई-बसने लोकांना वर नेणं सुरू झालं. त्याच महिन्यात ते थांबलं. गर्दीच्या मानाने बस अपुऱ्या पडल्या आणि वरची रांग खाली येऊन उभी राहिली. लिटलचा नियम बसलाही सुटत नाही. बस थोड्या असतील तर माणसाचं थांबणं वाढतं, आणि थांबणं वाढलं की रांग वाढते. पण म्हणून कल्पना चुकीची ठरत नाही. ४४ माणसं चार-चार जणांच्या मोटारींतून आली तर ११ गाड्या, म्हणजे अडीच गुंठे जमीन, दोन तास. तीच ४४ माणसं एका बसमधून आली तर बस उतरवून पुढे निघते आणि जमीन लागते शून्य. पौडला गाड्या ठेवून शनिवार-रविवार दर दहा मिनिटांनी बस सुटली, तर हा हिशोब ताम्हिणीत जुळू शकतो. दर तासाला सुटली तर सिंहगडासारखंच होईल.

तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करावं. शक्य असेल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी जावं, नाहीतर आठच्या आत पोचावं. निघण्याआधी त्या आठवड्यात तिथे जायला जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश नाही ना, हे पाहावं. वळणावर आणि पुलावर थांबू नये. आणि रस्त्याकडेला एखादं हिरवं, सपाट, पाणी साचलेलं मोकळं मैदान दिसलं, तर त्यात चाक घालण्याआधी खाली उतरून बघावं. ते मैदान नसतं. लावणी होऊन आठ दिवस झालेलं ते खाचर असतं, आणि त्यातला भात दिवाळीच्या सुमारास कापणीला येतो.